एका गाभ्याच्या संख्या आणि आमच्या साळवे मॅडम

प्रा. एस्तेर साळवे यांची आणि माझी पहिली भेट वर्गाच्या दारात झाली. काष्टीचा बाजार असला की एसटीत उभं राहायलाही जागा नसायची, त्यामुळे नगरच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्याच तासाला मी उशिरा पोहोचले. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. मॅडमनी फळ्यावरच्या बारा आणि अठरा या दोन संख्यांकडे बोट केलं.

“या दोघांचं नातं सांग आणि बस.”

“दोघांनाबी सहानं भाग जातो,” मी म्हणाले.

“तो तिसालाही जातो. मग तीसही यांच्यातलाच का?”

मॅडम हसल्या, मला पुढच्या बाकावर बसवलं आणि सांगू लागल्या. बारा आणि अठरा या संख्या दोन आणि तीन या मूळ संख्यांपासूनच बनतात. तिसात मात्र पाचही येतो. संख्येतल्या वेगवेगळ्या मूळ संख्या एकेकदाच घेऊन गुणल्या की त्या संख्येचा गाभा मिळतो. बारा आणि अठराचा गाभा सहा, तिसाचा तीसच. मग त्यांनी आमच्याकडून शंभरपर्यंतच्या, सहा हा गाभा असलेल्या संख्या शोधून घेतल्या. नऊ निघाल्या. “आणि कोटीपर्यंत किती? एकेक न लिहिता सांगता येईल?” एवढं विचारून त्यांनी खडू ठेवला. हाच प्रश्न त्यांच्या संशोधनाचा विषय आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मॅडमचा जीव गणितावर होता तसाच मुलांवरही. नंतर मी वसतिगृहात राहू लागले आणि तिथे मला विषमज्वर झाला, तेव्हा त्या रोज सावेडीहून स्कूटरवर पेज घेऊन यायच्या. स्कूटर त्यांना बेताचीच चालवता यायची. मागे डबा सांभाळत त्यांचे यजमान बसलेले असायचे. ते शाळेत चित्रकला शिकवत. आम्ही सगळे त्यांना साळवे सर म्हणतो. “पेज पोहोचली, हे ईश्वराचे उपकार,” असं ते डबा उघडताना म्हणायचे आणि मॅडम त्यांच्याकडे डोळे वटारून बघायच्या.

मी बरी झाल्यावर माझी आई मला घेऊन त्यांना भेटायला सावेडीला गेली. सोबत मटकी आणि घरचं तूप होतं. चहा झाल्यावर आईनं मनातलं विचारलं, “बाई, ही पोरगी दिसभर आकडं मोडती अन् जोडती. ह्याचा उपेग काय हुतो?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र म्हणाल्या, “आई, आमच्या या कामाचा उपयोग मला खरंच सांगता येणार नाही. पण त्यात जे निघतं ते खरं असतं, एवढं सांगते.”

“मग शिकवा,” आई म्हणाली. “खऱ्याला काय नाव ठिवायचं न्हाई.”

पुढे मी त्याच महाविद्यालयात शिकवू लागले. मॅडम तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या. अनेक वर्षं खपून त्यांनी गाभ्याच्या त्या प्रश्नावर एक प्रमेय सिद्ध केलं होतं आणि तो लेख एका नामांकित नियतकालिकानं स्वीकारला होता. पदोन्नतीची मुलाखत तोंडावर आली होती, आणि सगळा भर त्या लेखावर होता. महाविद्यालयात चर्चासत्र ठरलं. बाहेरगावचे प्राध्यापक आले. मॅडमनी मांडणीचं काम हट्टानं माझ्याकडे दिलं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसल्या.

मी निम्म्यावर आले असेन. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

“विजया, थांब. मागची ओळ पुन्हा वाच.”

मी वाचली. त्या फळ्याजवळ आल्या. “हा अंदाज गाभा ठरलेला असेल तेव्हाच बरोबर आहे. इथे आपण मोजणीची मर्यादा वाढवतो तसा गाभाही वाढतो आहे. मग हा अंदाज इथे वापरायचा अधिकार मला कुणी दिला?”

पाहुण्यांकडे वळून मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मंडळी, सिद्धतेत खिंडार आहे. आज मला ते बुजवता येत नाही. क्षमा असावी.”

नंतर प्राचार्यांनी त्यांना समजावून पाहिलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यांना मॅडमचं भलंच हवं होतं. “परीक्षकांना दिसलं नाही ते तुम्हाला कशाला दिसायला हवं? छापून येऊ द्या, मग सावकाश दुरुस्त करा.”

“दिसलं ना, सर. आता न दिसल्यासारखं कसं करू?”

लेख त्यांनी मागे घेतला. पदोन्नती हुकली. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तर मॅडम मेथी निवडत होत्या. मीही शेजारी बसून निवडू लागले. मग त्या म्हणाल्या, “वाईट वाटतंय गं. पदाचं वाटतंच, पण त्याहून त्या प्रमेयाचं. फार देखणं होतं.” बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. साळवे सरांनी आतून पाणी आणून दिलं आणि आमच्याशेजारी बसून तेही मेथी निवडू लागले.

त्यानंतर दर रविवारी चर्चमधून आल्यावर मॅडम आणि मी कामाला बसायचो. लहान गाभ्यांसाठी जुना अंदाज टिकला. मोठ्या गाभ्यांसाठी वेगळी वाट शोधावी लागली. शेवटी जे हाती आलं ते पहिल्याइतकं देखणं नव्हतं. नेमकी संख्या सांगण्याऐवजी ‘याहून जास्त नाहीत’ एवढंच म्हणता येत होतं. पण त्यात खिंडार नव्हतं. मॅडमच्या निवृत्तीच्या थोडं आधी तो लेख छापून आला. आधीची चूक कोणती होती, हे त्यांनी पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलं आणि माझं नाव स्वतःच्या नावाशेजारी घातलं. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, “रविवार तुझेही गेलेत.”

आज नगर परिसरात गणित शिकवणारे आम्ही कितीतरी जण त्यांचे विद्यार्थी आहोत. फळ्यावर चुकलो तर ‘चुकलं’ असं वर्गासमोर म्हणायला आम्हाला लाज वाटत नाही. ही देणगी त्यांची.

या गौरवग्रंथाची परवानगी मागायला गेले तेव्हा मॅडमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. साळवे सर कौतुकानं म्हणाले, “पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठायची.”

“शंभर नको,” मॅडम म्हणाल्या. “त्याचा गाभा दहा. माझ्या पंचाहत्तरचा गाभा पंधरा. पंधरा, पंचेचाळीस, पंचाहत्तर, सगळी एकाच गाभ्याची.”

“मग पुढची कोणती?” सरांनी विचारलं.

“एकशे पस्तीस.”

“अरे देवा! म्हणजे अजून साठ वर्षं सकाळचा चहा मीच करायचा?”

“तुम्हाला येतोही बरा,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम, ‘शतायुषी व्हा’ असं आम्ही म्हणत नाही. तुमचंच उत्तर आम्हाला मान्य आहे. नवी दृष्टी स्वच्छ राहो, गुडघे साथ देवोत, रविवारी दार वाजवलं की आतून तुमचाच आवाज येवो. एकशे पस्तीसपर्यंत निरोगी राहा. चहाचं आम्ही सरांशी बोलून घेऊ.