ओळखीचं दूध

माझ्या मुलीच्या वेळी मला दूध इतकं यायचं की अंगावरचा गाऊन सारखा बदलावा लागे. लोकांना कौतुक, मला नुसता वैताग. थेरगावातल्या आमच्या छोट्या फ्लॅटच्या गॅलरीत दोरीवर कायम माझेच गाऊन. बाळंतपणासाठी गावाहून येऊन राहिलेली आई म्हणायची, "नशीब काढलंस, बाई." मी म्हणायचे, "मग तूच धू हे नशीब." आणि ती खरंच धुवायची, बिचारी.

तळमजल्यावर चाचींच्या मुलाचं टू-व्हीलरचं गॅरेज आणि त्याच्यामागं त्यांचं घर. चाची मूळच्या थेरगावच्या, इथं शेतं होती तेव्हापासूनच्या. आम्हा भाडेकरूंना त्या हे विसरू द्यायच्या नाहीत. त्यांची सून आणि मी एकाच सुमारास गरोदर होतो, ती माझ्या तीन-चार महिने मागं. संध्याकाळी दोघी गच्चीवर फेऱ्या मारायचो आणि कंबर कुणाची जास्त दुखते यावर भांडायचो.

माझी मुलगी दोन महिन्यांची झाली आणि तिकडं सुनेचं बीपी एकाएकी चढलं. सातव्या महिन्यातच मुलगा झाला. ती आयसीयूत, पोरगा काचेच्या पेटीत. त्याला चोखायची ताकदच नव्हती, म्हणून नाकातून नळी घातलेली. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा आतड्यांना पावडरचं दूध सोसणार नाही, बाईचंच दूध हवं. सुनेला दूध येत नव्हतं. तिला औषधंही जड चालू होती. दवाखान्यात दूधपेढी होती. ज्यांना दूध जास्त येतं त्या बायका तिथं देतात, ते तपासून, तापवून अशा बाळांना पाजतात. आणि चाचींनी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं!

हे मला त्यांच्या मुलानं, म्हणजे त्या मेकॅनिकनं, जिन्यात सांगितलं. बिचारा रडवेला झाला होता. आईपुढं त्याचं काही चालत नसे. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा खाली गेले.

"चाची, लेकरू तिकडं मुठीएवढं, आणि तुम्ही दूध नको म्हणता? कमाल आहे तुमची!"

चाची स्टुलावर बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "कुणाचं दूध हाय, ते सांगत न्हाईत. सगळ्यांचं एकत्र करत्यात म्हणे. आमच्यात जिनं दूध पाजलं ती आई होते, पोरी. तिची पोरं याची भावंडं. भावंडांचं लगीन चालत न्हाई. उद्या त्याच बाईची लेक आमी सून करून आणली, तर? कुणाला कळणार हाय?"

"अहो, आधी जगू दे तर त्याला! लग्नाचं काय घेऊन बसलात!"

गाड्या घेऊन आलेली माणसं वळून बघायला लागली, एवढा माझा आवाज चढला होता. चाची चिडल्या नाहीत. त्यांची नजर माझ्या गाऊनवर गेली. तो नेहमीसारखाच ओला.

"तुला मी ओळखते," त्या म्हणाल्या. "तुझी लेक बी ठाऊक हाय. तू देशील का?"

खरं सांगायचं तर पहिला विचार त्या बाळाचा आलाच नाही. माझ्या पोरीला पुरेल का, हाच आला. वर जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "असं दिलं की आटतं गं. आणि दृष्ट लागते ती वेगळीच." चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आलेल्या नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं प्रॉडक्शन तसंही जास्तच आहे. कर थोडा ओव्हरटाइम." मी त्याला उशी फेकून मारली. पण दुसऱ्या दिवशी तोच मला दवाखान्यात घेऊन गेला.

ओळखीच्या बाईचं चालेल, पण तपासण्या सगळ्या होतील, असं तिथं सांगितलं. रक्त दिलं. सिस्टरनं दूध कसं काढायचं, कसं ठेवायचं ते शिकवलं. मग आमच्या घरात पंपाची घरघर सुरू झाली. बर्फात घातलेल्या दुधाची पिशवी न्यायला मेकॅनिक वर यायचा. ज्या माणसाच्या नखांतलं काळं ऑइल मी कधी गेलेलं पाहिलं नव्हतं, त्याचे हात घासून घासून लाल झालेले असायचे. "वहिनी, झालं का?" एवढंच विचारायचा, मान खाली घालून.

आणि चाची! त्यांनी माझा ताबाच घेतला. सकाळी अळिवाची खीर, दुपारी पायाचं सूप. मी नको म्हटलं की लगेच, "हे तुझ्यासाठी न्हाई, माझ्या नातवासाठी हाय." एकदा डांगे चौकातून आणलेला वडापाव खाताना त्यांनी मला पकडलं. "माझ्या नातवाला मिरची पाठवतीस व्हय?" म्हणून अर्धा वडापाव हातातून काढून घेतला आणि स्वतः खाल्ला. आई माळकरी, ती सुपाच्या वासानं गॅलरीत जाऊन उभी राहायची. मग चाचींना वाईट वाटायला नको म्हणून आत येऊन डिंकाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवायची. माझ्या जेवणावरून दोघींचं एकमत कधी झालं नाही, पण मला उपाशी कुणीच ठेवलं नाही. इतकं कोडकौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

एक दिवस मेकॅनिक भरलेली पिशवी तशीच परत घेऊन आला. बाळाचं पोट फुगलं होतं, दूध बंद केलं होतं. माझ्याच दुधानं तर झालं नसेल? मी काय खाल्लं होतं? सिस्टरनं फोनवर सांगितलं की एवढ्या लहान बाळांचं असं होतं, तुमचा काही दोष नाही, तुम्ही दूध काढत राहा. पण मनाला पटेना. मी मोरीत तोंडावर पाणी मारत रडत बसले.

ठरल्या वेळी चाची डबा घेऊन वर आल्या.

"खा."

"आज त्याचं बंद आहे ना, चाची."

"उद्या लागंल."

त्यांना डब्याचं झाकण उघडता येईना. आईनं ते उघडून दिलं. मी जेवेपर्यंत चाची समोरून हलल्या नाहीत.

आणि लागलंही. आधी थेंब थेंब, मग चमचाभर, मग वाटीभर. सून बरी झाली, रोज त्याला छातीशी धरून बसायला लागली, तिलाही हळूहळू दूध उतरलं. बाळ तिच्या हातून चमच्यानं प्यायला शिकलं. एके दिवशी गॅरेजचं शटर दुपारीच खाली ओढलेलं दिसलं. बाळ घरी आलं होतं. मला, आईला, मुलीला, सगळ्यांना खाली बोलावणं.

सून पलंगावर, निम्मी झालेली, पण हसत होती. तिच्या मांडीवर लोकरी टोपीतला तो एवढासा. अजून पुरतं चोखत नाही, थकतो लगेच, असं ती म्हणाली. चाचींनी त्याला उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"एकदा अंगावर पाज."

"अहो, आता हिला येतंय की!"

"नळीनं पाजलेलं नात्यात धरायचं का न्हाई, यावर मौलवी लोकांत वाद हाय म्हणे. मला वाद नको."

मला हसूच फुटलं. नात्याच्या भीतीनं दूध नाकारणारी ही बाई, आता नातं कच्चं राहील म्हणून घाबरली होती. मी सुनेकडं पाहिलं. आई तीच, तिला काय वाटेल?

"घ्या ना, ताई," ती म्हणाली आणि पलंगावर सरकून मला जागा केली. "अम्मींना मीच म्हटलं होतं."

मी त्याला पदराखाली घेतलं. ते बघून आईच्या कडेवरची माझी मुलगी जी किंचाळली, की विचारू नका. "बहिणीला पटलेलं न्हाई," चाची म्हणाल्या. तो मात्र नुसतंच नाक घासत होता. तोंड लावायचा, सोडून द्यायचा. मला वाटलं, राहू दे, दमेल. आणि तेवढ्यात त्यानं ओढलं.

"आई गं!" मी ओरडलेच.

"काय झालं? काय झालं त्याला?" चाचींचा चेहरा पांढराफटक.

"त्याला काय होतंय! ओढतोय बघा कसा, माझ्या मस्तकात कळ गेली!"

चाची वाकल्या. त्याचा हलणारा गाल त्यांनी नीट पाहिला. मग दवाखान्यात एकदाही न रडलेली ती बाई खाली फरशीवर बसली आणि तोंडाला पदर लावून मोठमोठ्यानं रडायला लागली.