हात पुरेना

खोदाईच्या नव्या पंज्याच्या दांड्याला हात पुरावा म्हणून माझी बायको सुमन दर वेळी सीटवरून अर्धी उठतेय. आमचा छोटा ट्रॅक्टर तीच चालवते. त्याला मागं जोडायचा, स्वतःची सीट असलेला हा पंजा घ्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा दुकानदार मला म्हणाला, "बसून बघा, साहेब." मी खुशाल बसलो, दांडे ओढले, "हाच द्या" म्हणालो. सुमन कडेला उभी राहून सीटपासून दांड्यापर्यंतचं अंतर वितीनं मोजत होती. मला दिसलं होतं.

यंत्राला ओवाळायचं बाईनं, नारळ फोडायचा बाप्यानं, ही आपली रीत. आज तसंच झालं. त्यावर बसणार कोण, हे रीत विचारत नाही. मी तरी कुठं विचारलं?

"चांगलाय हो," ती वरून म्हणाली. आणि दांड्यासाठी पुन्हा सीटवरून अर्धी उठली.