पाचवा गोल

साळुंखे बाईंच्या अंबाड्यात गजरा कधी दिसला नाही. लाल पेन मात्र कायम खोचलेलं. चूक दिसली की ते बाहेर यायचं. लग्नपत्रिकेतला वार तारखेशी जुळत नसो, की सोसायटीच्या पाण्याच्या वेळापत्रकात अख्खा गुरुवार गाळलेला असो, बाई तिथल्या तिथे दुरुस्ती करून मोकळ्या. "काय करू गं, हात शिवशिवतो," म्हणायच्या.

कळंबोलीच्या आमच्या शाळेत मी नवीन लागले आणि चौथ्याच दिवशी त्यांच्या तावडीत सापडले. फळ्यावर अपूर्णांकांचं एक उदाहरण मी चुकीचं सोडवलं होतं. बाई दारातून बघून तशाच पुढे गेल्या. मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुपचूप पुसून टाकू नकोस. उद्या पोरांना सांग, काल माझं चुकलं म्हणून. चूक तशीच सोडली ना, की ती पोरांच्या अंगवळणी पडते." दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्यांच्या आणि माथाडींच्या त्या चाळीस पोरांपुढे मी कबुली दिली. कानशिलं तापली होती माझी. पण तेव्हापासून पोरं मला बिनधास्त शंका विचारायला लागली.

मग तो आदेश आला. नोकरीत असलेल्यांनीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मुदतीत पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. मी ती पास होऊनच लागले होते. बाईंची मात्र शिकवण्यात बावीस वर्षं गेलेली. "बीएड केलं ते काय सागरगोटे खेळायला?" असं त्या तावातावाने म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा डबा न उघडता घरी परत जाऊ लागला. त्यातच बीएडवाल्यांना सवलत मिळणार, अशी आवई उठली. रोज कुणीतरी मोबाइलवर नवं पत्र दाखवायचं आणि संध्याकाळपर्यंत ते खोटं निघायचं. शिपाई नुसता दारात आला तरी बाई दचकायच्या.

परीक्षेचं केंद्र खांदेश्वरला होतं. मी सोबत गेले. बाईंचे यजमान, लोखंड बाजारात वजनकाट्यावर असणारे साळुंखे काका, गेटबाहेर येरझाऱ्या घालत होते. बाई बाहेर आल्या त्या हसतच.

"सोपा होता गं पेपर! फक्त एक प्रश्न चुकीचा छापलाय. चारही पर्याय चूक."

"मग? सोडून दिलात ना?"

"सोडते कशी? उत्तरपत्रिकेवर चार गोलांच्या शेजारी पाचवा गोल काढला आणि बरोबर उत्तर लिहून आले."

त्या उत्तरपत्रिकेवर गोल काळे करण्यापलीकडे कसलीही खूण केली की ती बाद, असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. काकांनी माझं उतरलेलं तोंड बघितलं. "सूचना वाचल्या न्हाईस व्हय?"

"वाचल्या की. पण तपासणाऱ्याला कळायला नको का, प्रश्न चुकलाय ते?"

तपासणारं माणूस नसतं, मशीन असतं, हे मी सांगितलं तेव्हा बाई मटकन कट्ट्यावर बसल्या.

निकालाच्या चार दिवस आधी सवलत खरंच आली. बीएडवाल्यांना आता कमी गुणांत पास होता येणार होतं. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले गेले. बाईंनी त्यांचा पेढा तास सुरू होईपर्यंत नुसता हातात धरून ठेवला. निकालात त्यांच्या नावापुढे छापलं होतं, 'उत्तरपत्रिका रद्द'. ज्यांचा पेपरच तपासला नाही, त्यांनी गुणांची सवलत काय चाटायची? मला संताप आला, आणि कुणावर काढावा तेही कळेना. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती.

"या वेळी काहीही दिसलं तरी गप्प बसा हं, बाई," मी अक्षरशः हात जोडले. त्या परीक्षेच्या दिवशी गेटवर त्यांनी अंबाड्यातलं लाल पेन उपसून माझ्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडे." ते अडीच तास काका पुन्हा येरझाऱ्या घालत राहिले आणि मी पेन धरून कट्ट्यावर बसले.

बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. "आजही एक चुकीचा होता गं. चारही चूक. त्यातलाच एक गोल काळा करून आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं."

बाई पास झाल्या. नोकरी टिकली. काकांनी शाळाभर लाडू वाटले. पेन मात्र बाईंनी परत मागितलं नाही, आणि मी दोनदा पुढे केलं तर म्हणाल्या, "राहू दे." त्यांचा तो मोकळा अंबाडा बघून मला कसंसंच व्हायचं.

यंदा संस्थेच्या करावे गावातल्या शाळेत माझी बदली झाली. माझ्या निरोप समारंभाची नोटीस लागली, तीत वार चुकलेला. बाई तिच्यापुढे उभ्या होत्या. हात सवयीने अंबाड्याकडे गेला आणि रिकामाच खाली आला. मी पर्समधून पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"तू कर."

मी वार खोडून नीट लिहिला. टोपण लावणार तेवढ्यात बाई नोटिशीजवळ सरकल्या.

"थांब. खाली अजून एक आहे."