दगडी पायऱ्यांवर मारलेलं पाणी

ये गं बाय, अशी जवळ ये. लांब उभं राहून ऐकायचं हे बोलणं नाही. आणि आधी मी तुला थोडं बोलून घेते, मग तू रागव. दर महिन्याला बोईसरहून येतेस, अंगणातूनच पिशवी माझ्या हातात देतेस, "आई, गोळ्या हायत, साबण हाय," म्हणतेस, आणि रिक्षा थांबलीय म्हणून पाठ फिरवतेस. ओटीवर खाटेत बाप पडलेला असतो, त्याच्याकडे तुझी मान वळत नाही. मानेला काय गळू झालंय का तुझ्या? तुझी रिक्षा मासवणच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत तो कान देऊन असतो. मग मला विचारतो, "बारीक झालीय का गं?"

कागदावर लिहून कोणाला जवळ बोलावणं वेडेपणाचं आहे, ते कळतं मला. पण मी अक्षरं शिकले ती तुझ्या पुस्तकांवरून. तू मोठ्याने वाचायचीस आणि मी चुलीपाशी राखेत बोटाने गिरवायची. त्यामुळे लिहायला बसले की तू शेजारीच बसलेली वाटतेस मला.

तर ऐक. बाबाचं आता काही खरं नाही. पाठीच्या जखमा भरत नाहीत, लघवीतून रक्त येतं, दोन घास भात खातो आणि तिसरा तोंडातच ठेवतो. पालघरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, घरी न्या. आणि तू त्याच्यावर जो राग धरून आहेस ना, तो चुकीच्या माणसावर धरलाय. तो आहे तोवर हे सांगायला हवं. तो गेल्यावर सांगून काय उपयोग?

आमचं काम तू लहानपणापासून बघितलंस, पण ते काय होतं हे तुला कधी बसून सांगितलं नाही. भात झोडून झालं की गावातली अर्धी माणसं वीटभट्टीवर जायची. आम्ही दगड बसवायला जायचो. फरशी नव्हे हं. फरशी काय, सगळी एका मापाची, कोणीही बसवील. आमचे दगड खाणीतून निघतात तसेच, कुठे तीन कोपऱ्यांचे, कुठे पाच. एडवणला समुद्राकाठच्या एका बंगल्यात फाटकापासून ओट्यापर्यंतची वाट आम्ही दोघांनी केली. मी ढिगाऱ्याभोवती फिरायचे, दगडाचं तोंड बघायचे, कोणाच्या शेजारी कोण बसेल ते ठरवायचे. बाबा नुसता हात पुढे करायचा आणि मी दिलेला दगड खाली ठेवायचा. "तुजे डोले नि माजी थापी," म्हणायचा. सहसा चुकायचे नाही मी.

सांधे भरून झाले की त्यांना पाणी पाजायचं. आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं नाही, वर ओली गोणपाटं घातली नाहीत, तर सांधा तडकलाच म्हणून समज. आणि पाणी मारणं हे बाईचं काम. सांधा तडकला तर गवंड्याला कोणी काही विचारत नाही. "पाणी कोण मारत होती?" एवढंच विचारतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाण्यावरून मला कोणी बोल लावला नव्हता. तो माझा एक ताठा होता म्हण.

त्या बंगल्याच्या मालकाचा बोईसरला कारखाना. त्याला ती वाट इतकी आवडली की हिमाचलात वर डोंगरात त्याचं पाहुण्यांसाठीचं घर होतं, तिथेही अशीच वाट हवी म्हणाला. फाटकापासून वर घरापर्यंत पायऱ्या आणि घरापुढे खुर्च्या टाकून बसायला दगडी अंगण. ठेकेदार म्हणाला, बर्फ पडायच्या आत व्हायला पाहिजे. तू तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होतीस, वसतिगृहात. बाबा म्हणाला, "जाऊ या. पोरीचं पुढचं वर्ष निघंल." म्हणून गेलो.

थंडी म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आपल्याकडे पौषात एक गोधडी जास्त घेतली की झालं. तिथे सकाळी घमेल्याला हात लावला तर कातडं चिकटायचं. बाबा माझ्या नाकाकडे बघून हसायचा, "टमाटर झालाय." खेचरांवर दगड लादून आणणारा एक म्हातारा होता तिथला. तिकडे घरांच्या छपरावर घालतात तो काळा, पाटीसारखा सपाट दगड. बघितलास तर हात फिरवावासा वाटेल असा. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बाबाला विचारलं, "तुम्हारे यहाँ बर्फ पड़ती है?"

बाबा म्हणाला, "हाय ना. हमारे यहाँ बर्फ मछली के ऊपर पड़ती है."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. मग रोज येताना ओरडायचा, "ए मछलीवाले!" आपण कुठले मासेवाले, डोंगराकडचे. पण बाबाने ते नाव ठेवून घेतलं.

आम्ही घरच्यासारखं वीतभर खणलं, मुरूम शोधला, मिळाला नाही, तर रेती पसरून दगड मांडायला घेतले. चार दिवसांनी सकाळी बघतो तर मधले तीन दगड वर आलेले. कोणी खालून खांदा लावल्यासारखे. म्हाताऱ्याने पहारीने एक उचलून दाखवला. खाली मातीत उभ्या सुया, पांढऱ्या, चकाकणाऱ्या. मिठागरात वाफ्याच्या कडेला मीठ धरतं ना, तसं. मला तर क्षणभर वाटलं, इथे मीठ कुठून आलं? म्हातारा म्हणाला, जमिनीतलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं, आणि फुगलं की दगड काय, घरही उचलतं. खाली पाणी राहूच द्यायचं नाही.

तू बाबाला हट्टी म्हणालीस. हट्टी माणसाने काय केलं असतं? त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. झालेलं सगळं काम उकरलं. मांडीपर्यंत खणलं, खाली मोठे धोंडे, त्यावर खडी, थराथराने धुमस मारून दाबली, पाणी निघून जाईल असा ढाळ दिला. ठेकेदार बोंबलत होता, "गड्डा खोद रहा है कि कुआँ?" बाबा म्हणाला, "साहेब, दगड उठला तर तुमी येनार हाय का बसवायला?" पुन्हा नवं मांडलं, आणि यावेळी एक दगड हलला नाही. अजूनही हलला नसेल.

पायऱ्या शेवटी घेतल्या. वरची एक सोडून सगळ्या बसल्या, सांधे भरले. म्हातारा खेचरं घेऊन खाली निघाला होता, तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "बहन, शाम को पानी मत डालना. रात को जम जाएगा. सूखी घास डाल दो, बस." बाबाने ते ऐकलं आणि मला परत बजावलं. "ऐकलंस ना? आज पाणी नाय. सकाळी ऊन आल्यावर बघू."

मी हो म्हणाले.

बाबा हात शेकायला पत्र्याच्या शेडकडे गेला. मी सुकं गवत पसरायला वाकले आणि सांध्यांकडे बघितलं. दिवसभर वारा होता, सुका, कापणारा. सांधे पांढुरके पडले होते आणि एका ठिकाणी केसासारखी रेघ दिसली. बाय, ती रेघ बघितली आणि मी तिच्यावरून नख फिरवलं. इतक्या वर्षांत माझ्या हातचा सांधा तडकला नव्हता. मी दगडावर हात ठेवला. तो अजून कोमट होता, दुपारचं ऊन होतं त्यात. मला वाटलं, म्हाताऱ्याला दगडातलं कळतं, सिमेंटातलं काय कळतं? सिमेंटाला पाणी लागतंच. दोन बादल्या आणल्या. थोडं थोडं करत सगळ्या पायऱ्यांना पाजलं. आपल्या पद्धतीने वर ओली गोणपाटं घातली, ती पुरली नाहीत तिथे तशीच सोडली. शेडमध्ये गेले तर बाबाने विचारलं, "टाकलं गवत?" मी म्हटलं, "टाकलं."

सकाळी बाबा चहाच्या आधी उठला. ती त्याची सवय, आधी कामाकडे बघून यायचं, मग चहा. जाताना रिकाम्या हाताने का जा, म्हणून शेवटच्या पायरीचा दगड खांद्यावर घेतला. मी स्टोव्हला पंप मारत होते. काळ्या दगडावर काळा बर्फ, तो दिसत नाही. नुसता दगड ओला आहे असं वाटतं. मला आधी दगड पडल्याचा आवाज आला. माणसाचा आवाज आलाच नाही.

धावत गेले. बाबा तीन पायऱ्या खाली पाठीवर पडलेला, आणि दगड कमरेखाली आडवा. मी दगड ओढला. "पाय हलवा," म्हटलं. तो म्हणाला, "हलवतोय की." पाय हलत नव्हते.

मग त्याने मान वळवली आणि ती गोणपाटं बघितली. पत्र्यासारखी ताठ झाली होती. मी पण बघितली. मला काय सुचलं माहीत नाही, मी सांध्यावर अंगठा दाबला. सगळं सिमेंट पिठासारखं निघून आलं. ज्या सांध्यासाठी मी हे केलं, तो सांधाही राहिला नव्हता.

ठेकेदार खालून धापा टाकत आला. आल्या आल्या ओरडला, "पानी किसने मारा?"

तेच विचारलं त्याने. मी तोंड उघडलं असतं, खरंच उघडलं असतं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगते. पण बाबा आधी बोलला. "मैंने." ठेकेदार म्हणाला, "तू? बुड्ढे ने मना किया था ना?" बाबा म्हणाला, "हाँ. मैंने मारा." म्हातारा खेचराची दोरी धरून मागे उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली जमिनीकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्याने अंगावरची घोंगडी काढून बाबावर घातली.

पुढचं तुला माहीत आहे. तिथलं हॉस्पिटल, मग गाडीत खालच्या बाकावर त्याला बांधून आणणं. सगळ्या वाटेत आम्ही त्या पाण्याबद्दल बोललो नाही. तू वसतिगृहातून थेट घरी आलीस. कोणीतरी तुला सांगितलं होतं की सगळे नको म्हणत असताना बाबाने पाणी मारलं. तू ओटीवर उभी राहून त्याला म्हणालीस, "तुला सगल्यांनी सांगितलं होतं ना? मग कशाला मारलंस पाणी? तुज्या हट्टापायी माजं शिक्षण गेलं." तो म्हणाला, "चुकलं माजं, बाय."

आणि मी आत भाकऱ्या थापत होते. तुझा शब्द न् शब्द मला ऐकू आला, त्याचाही आला. मी थापत राहिले. त्या दिवशी लागतील त्यापेक्षा दुप्पट भाकऱ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात तू बोईसरला पॅकिंगच्या कामाला लागलीस, भाड्याची खोली घेतलीस, आणि अंगणातून परत जायला लागलीस.

पायऱ्यांवर पाणी मी मारलं, बाय. मी. बाबा नाही.

सांगायचं मी पुढे ढकलत राहिले. सुरुवातीला वाटलं, आत्ता नको, त्याचं दुखणं जरा उतरू दे. मग वाटलं, तुझा राग उतरला की सांगू. मग इतके दिवस झाले की सांगायचं म्हणजे दोन गुन्हे सांगायचे, एक पाण्याचा आणि एक गप्प बसण्याचा. त्याला अंघोळ घालते, कूस बदलते, जखमा धुते, आणि रोज त्या पाठीवर माझंच दोन बादल्या पाणी दिसतं.

परवा त्याला भरवताना मी विचारलं, "सांगू का हो पोरीला?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. कशाबद्दल विचारते ते त्याला फोडून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "कशाला? रागवायला तिला एक मानूस पुरं हाय. मी मेल्यावर तिला यायला आई तरी राहंल."

म्हणजे त्या पायऱ्यांवर पडल्या पडल्या, पाय हलत नसताना, त्याने हा हिशेब केला होता. आणि मी त्याला तो करू दिला. त्याने घास गिळला नाही, माझ्याच हातावर परत काढला, आणि तुझी पुढची खेप कधी ते विचारलं. मी म्हटलं, महिनाअखेर. तो म्हणाला, "लांब हाय."

म्हणून हे लिहिते आहे, त्याला न विचारता. आता तुझी आई तुला राहील की नाही, ते तू ठरव. मला त्याबद्दल काही मागायचं नाही, तो हक्क माझा राहिला नाही. पण महिनाअखेरची वाट बघू नको. येत्या सुट्टीच्या दिवशी निघ. पिशवी आणू नको, काही नको आणू. अंगणात थांबू नको, रिक्षा सोडून दे. ओटीवर चढ, खाटेशी बस, त्याचा हात हातात घे. त्याच्या हातांना अजून थापीचे घट्टे आहेत, बघ. माझ्यावर काय रागवायचं ते आत येऊन रागव, त्याच्यासमोर रागव, मी चुलीआड जाणार नाही. फक्त ये, बाय. लवकर ये.