आमचे साडू आणि सीडी रायटर

जगात जे जे बिघडायचं आहे ते आधी आमच्या साडूंना कळतं आणि मगच ते बिघडतं, अशी आमच्या सासुरवाडीत सगळ्यांची खात्री होती. माझ्या थोरल्या मेहुणीचे हे यजमान पाटोद्याला कापडाचं दुकान चालवायचे. अंगानं काटकुळे, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, आणि त्या पट्ट्यांखालचा चेहरा असा, की नुकतेच कुणाला तरी पोचवून आलेत. एसटीत चढण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि आत येऊन शेजारच्याला सांगत, की मागचं डावं चाक घाटापर्यंत टिकलं तर नशीब. लग्नाच्या पंगतीत पहिल्याच घासाला वरण पुरणार नाही म्हणून जाहीर करत. आणि खरोखर चाक बसलं किंवा वरण संपलं, की खालच्या आवाजात एवढंच म्हणत, ‘मी म्हणलोच होतो.’ माझ्या लग्नात मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं होतं, ‘पाव्हणं, या घरच्या लेकी सोभावाला चांगल्या हायत, पण गुडघे लवकर जातेत.’ बायकोचे गुडघे आता दुखतात. मी त्यांना अजून कळवलेलं नाही.

असा माणूस दुकानदारी कशी करत असेल, हा प्रश्न कुणालाही पडावा. गिऱ्हाइकापुढं साडी उलगडून हे स्वतःच म्हणायचे, की काठ चांगला आहे, पण पदराचा भरवसा देता येत नाही. दुकान चालायचं ते त्यांच्या थोरल्या भावामुळं. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. अप्पा गोल, हसरे आणि अखंड बोलणारे. बाई पायरीवर असतानाच तिचं माहेर, सासर, कुणाची सोयरीक कुठं जमली, म्हैस व्याली का, सगळं विचारून व्हायचं आणि ती बसेपर्यंत निम्मी खरेदी झालेली असायची. ‘वयनी, ह्याचं काई मनावर घेऊ नका,’ ते धाकट्याकडं बोट दाखवून म्हणायचे, ‘ह्यो सोताच्या मांडवात बी सुतकात बसल्यावानी बसला होता.’ बाई हसायची, साडू तसेच गंभीरपणे गज धरून कापड मोजायचे. सोमवारी महादेवाच्या देवळात अप्पा भजनाला उभे राहिले, की त्यांचा आवाज बाजारपेठेच्या टोकापर्यंत यायचा. साडू मागं टाळ घेऊन बसत आणि एक शब्दही गात नसत.

मग अप्पांचा घसा बसला. खोकल्याची औषधं झाली, हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. आवाज येईना, उलट गिळायलाच त्रास व्हायला लागला. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात तपासल्यावर डॉक्टरांनी दोघा भावांना बसवून समजावलं, की घशातली गाठ साधी नाही, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. त्या वेळी मी अंबाजोगाईतच एका कॉलेजात कारकून होतो, म्हणून सोबत गेलो होतो. इतकी वर्षं वाईटाचं भाकीत करणाऱ्या आमच्या साडूंना हे मात्र आधी कळलं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून ते बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत राहिले, आणि मग मला विचारलं, की माणसाचा आवाज काढून ठेवायचा तर सगळ्यात जास्त कशात टिकतो.

ते दिवस गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाल्याचे होते. मी तसला एक क्लास केला होता, एवढ्यावर नातेवाइकांत मी इंजिनिअर ठरलो होतो. मी कॅसेट सुचवली. ती साडूंना पसंत नव्हती. कॅसेटला बुरशी लागते, टेप गुंडाळते, पावसाळ्यात आवाज रेडकासारखा होतो. बीडच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, की सीडी शंभर वर्षं टिकते. आयुष्यात त्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला असेल तर तो एवढाच. बीडहून, सीडीवर आवाज उतरवणाऱ्या रायटरसकट, अख्खा कॉम्प्युटर आला आणि दुकानामागच्या खोलीत, ताग्यांच्या थप्प्यांमध्ये, कोटाच्या कापडाचं अस्तर लावलेलं पांघरूण घेऊन बसला.

ऑपरेशनच्या आधी दुपारी दुकान बंद करून अप्पा त्या खोलीत गायचे. पहिल्या दिवशी माईक चालतो का हे बघायला मी त्यांना काहीही बोला म्हटलं. ते काही क्षण माईककडं आणि मग भावाच्या तोंडाकडं बघत राहिले. ‘कावून बसवलंस बे मला ह्या डबड्यापुढं? तुझं तोंड बघूनच माझा घसा आणखी बसतोय. जा, चहा सांग. साखर लई टाक म्हणाव.’ ते चाचणीचं म्हणून वेगळं ठेवलं आणि भजनं सुरू झाली. आवाज फाटत होता, मधेच थांबत होता, पण अप्पा पुन्हा मागून ओळ धरायचे. साडू भिंतीला टेकून टाळ वाजवायचे, नजर खाली.

ऑपरेशन झालं. अप्पा गळ्याला रुमाल बांधून परत आले आणि गल्ल्यामागं बसून हातवारे करू लागले. इकडं आमचं सीडी जाळण्याचं काम सुरू झालं. साडूंना तो शब्दही आवडला नव्हता. जळाल्यावर काय राहतं, असं ते म्हणाले. त्यांची रीत अशी, की आधी चाचणीची सीडी करायची. ती बिनचूक व्हायची. मग भजनांची लावली, की निम्म्यावर रायटर थबकायचा, दिवा मिचकवायचा आणि जीभ बाहेर काढावी तसा ट्रे बाहेर यायचा. सीडी वाया. साडूंनी त्याच्यावर इलाज मांडले. कापडाचा बारीक धागा आत जात असेल म्हणून ते सहा वार मलमल अंगावर टाकून कॉम्प्युटरसकट आत बसले. विजेचा दोष म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीला आमचं होईपर्यंत दळू नका म्हणून विनवलं, आणि गिरणीवाल्यानं अप्पांसाठी दळण थांबवलंही. मी रायटरचं भिंग पुसलं, वायर बदलली, वेग अगदी कमी केला, स्क्रीनवर पोहणारे मासे बंद केले. शेवटी बीडहून दुसरा रायटर आणून बसवला. त्यानंही निम्म्यावर जीभ काढली.

भजनं एकसलग होती. तुकडे करून थोडी थोडी उतरवू, असं मी म्हणत होतो. साडू ऐकेनात. ‘भजनाचे तुकडे करीत न्हाईत, पाव्हणं. त्याच्या घशाचे केले तेवढे पुरे हायत.’ पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा ते आपणहून म्हणाले, करा तुकडे. मी बटण दाबलं. आतून कुणीतरी नखानं पत्रा वाजवावा तसा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी उमटल्या. कॉम्प्युटर काही केल्या उठेना. बीडला नेल्यावर कळलं, की रायटर दोन्ही चांगलेच होते. कॉम्प्युटरच्या पोटातल्या ज्या डिस्कवर भजनं साठवली होती तीच कधीपासून आतून खराब होत होती; लांबलचक गाणं तिला वेळेवर पुरवता येत नव्हतं, म्हणून रायटर अडायचा. दुखणं एकीकडं आणि आमचे इलाज दुसरीकडं. आता त्यातलं काहीच निघणार नव्हतं.

परतीच्या एसटीत मी साडूंच्या त्या तीन शब्दांची वाट बघत होतो. ते आले नाहीत. मांडीवर रिकामं पांघरूण घडी करून ठेवलेलं, आणि ते खिडकीबाहेर काळ्या रानाकडं बघत होते. पाटोद्याला उतरल्यावरच बोलले. ‘चाचणीच्या लई झाल्यात की आपल्याकडं.’

त्यातली एक आम्ही शेजाऱ्याच्या प्लेअरवर अप्पांना ऐकवली. ‘साखर लई टाक म्हणाव’ संपलं. अप्पांनी बोट फिरवून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकताना ते हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. साडू उठले आणि चहा सांगायला गेले.

त्यानंतर दिवाळीच्या बाजाराला मी पाटोद्याला गेलो. दुकान भरलेलं होतं. अप्पा गल्ल्याशी बसलेले, आणि बोलायला साडू. दुसरं होतं कोण? तोच सुतकी चेहरा, आणि त्या तोंडून अप्पांचं सगळं बोलणं एकेक करून बाहेर येत होतं: माहेर कुठलं, म्हैस व्याली का, धाकटीचं जमलं का. शब्द पाठ केल्यासारखे, कुठं हसायचं ते ठाऊक नसलेले. बायका तरीही बसत होत्या.

तेवढ्यात नांदूरघाटची एक म्हातारी काठी टेकत पायरी चढली. मोतीबिंदूनं तिला फार दिसत नव्हतं. दारातच थांबून तिनं कान दिला आणि तिचा चेहरा उजळला.

‘अप्पा, घसा मोकळा झाला म्हणायचा. लई दिस काळजी लागली होती बघा.’

साडूंच्या हातातला गज थांबला. त्यांनी भावाकडं पाहिलं. गल्ल्याशी बसलेल्या अप्पांनी हळूच मान हलवली, सांगू नको म्हणून.

‘व्हय, मावशी,’ साडू म्हणाले, ‘आता बरा हाय. या, बसा. लेकीकडं समदी खुशाल हायत ना?’

आणि त्यांनी तिच्यासाठी गादीवर जागा करून दिली.