बटरफ्लाय आणि आईची हाक

मी सायन्सची विद्यार्थिनी. कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की मला हसू यायचं. आजही असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही... पण हे माझ्याच सोबत घडलं, म्हणून लिहून राहिले.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आम्ही खाली, माझी मैत्रीण शिल्पा वरच्या मजल्यावर. तिचा मामा जहाजावर नोकरीला. त्यानं जमैकातल्या नाचाची व्हिडिओ कॅसेट आणली होती. सुपेल्याच्या बाजारातून व्हीसीआर भाड्यानं आणला आणि त्यातला ‘बटरफ्लाय’ आम्ही शिकायला घेतला — गणपतीच्या कार्यक्रमात करायचा म्हणून. पाय फाकवायचे, थोडं खाली बसायचं आणि गुडघे फुलपाखराच्या पंखांसारखे आत-बाहेर हलवायचे. शिल्पाला लगेच जमलं. ती डावखुरी; आधी एक छोटीशी उडी, मग डावा गुडघा. माझे गुडघे मात्र एकमेकांवर आपटायचे.

"अवं वैशू, कंबर ढिली सोड ना!" ती ओरडायची.

मग शिल्पाला ताप आला. तो मेंदूत गेला. तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं... शुद्धच नव्हती. तिचे आईबाबा तिकडेच.

एका दुपारी करमेना म्हणून मी कपाटाच्या आरशासमोर उभी होते. टीव्ही बंद, गाणं नाही. अचानक पाय उचलले गेले — छोटी उडी, मग डावा गुडघा... आणि बटरफ्लाय सुरू! अगदी सफाईनं. पण मी करत नव्हते. थांबायचं म्हटलं तरी पाय थांबेनात. ओरडायला गेले तर आवाज फुटेना.

आई स्वयंपाकघरातून आली. मी पाठमोरी, आरशातला चेहरा माझ्याच आड; तिला दिसले ते फक्त शिल्पासारखे नाचणारे पाय.

"शिल्पे, तू कवा आली वं?"

पाय जागच्या जागी थांबले. मी वळले. माझा चेहरा पाहून आई मटकन खाली बसली.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर शिल्पाच्या आईचा निरोप आला — पोरीनं डोळे उघडले. दुपारी चादरीखाली तिचे पाय सारखे हलून राहिले होते, नर्सनं दाबून धरले तरी. मग एकाएकी शांत झाले, अन् ती बोलली, "वैशूची आई मले हाक मारून राहिली."

शिल्पा बरी झाली. तिला यातलं काहीच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडलं असेल... पण ते पाय? ती हाक?

आईनं तर हा विषय पुढे एकदाच काढला —

"अन् मी तुयंच नाव घेतलं असतं तं?"