मीटर रूममधला नर

माझ्या आत्येभावाइतका निरुपयोगी ज्ञानाने ठासून भरलेला माणूस घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत शोधला तरी सापडायचा नाही. एका कचेरीत आयुष्यभर फायली सांभाळून तो निवृत्त झाला. नाहूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या दोन मजले खाली राहतो, आणि सजीवांना नावं देऊन त्यांना योग्य त्या खणात बसवणं हेच माणसाच्या जन्माचं प्रयोजन आहे असं समजतो. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड तो इतर लोक शुभंकरोती म्हणतात तशी म्हणतो. लग्न त्याने केलं नाही. केलं असतं तर बोहल्यावर हारातल्या फुलांच्या पाकळ्या मोजत बसला असता, तेव्हा कुठल्यातरी मुलीचं कल्याणच झालं म्हणायचं.

त्याच्याबरोबर मासळी बाजारात जाणं ही शिक्षा आहे. एकदा मासेवालीने हलव्याकडे बोट दाखवून "काळं पापलेट, ताजं हाय" म्हटलं, तर हा पिशवी खाली ठेवून तिला शिकवू लागला, "बाई, हे पापलेट नव्हेच. दोघांची कुळं वेगळी आहेत." ती कोयता थांबवून म्हणाली, "मग काय लगीन जमवतोस काय त्यांचं? घे, नायतर पुढं हो." आम्ही पुढे झालो आणि त्या दिवशी घरी अंड्याची आमटी झाली. आणखी एकदा आमच्या स्वयंपाकघरात झुरळ निघालं आणि बायको ओरडली, तेव्हा हा भिंग घेऊन दोन मजले चढून आला. गुडघे टेकून त्याने झुरळ नीट पाहिलं आणि जाहीर केलं, "पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. नाव अमेरिकेचं, पण मूळचं आफ्रिकेचं हं. नाव देणाऱ्याची चूक, पण एकदा दिलेलं नाव असं बदलता येत नाही." एवढं होईतो झुरळ ओट्याखाली पसार झालं होतं. मारलं का नाहीस विचारलं तर म्हणाला, "ओळख पटली ना? मग?"

अशा माणसाला आमच्या मीटर रूममध्ये मोहरीएवढा एक कोळी सापडला. हा कोणत्याच पुस्तकात नाही, असं त्याने ठरवलं. आम्ही सगळे हसलो. पण कोळ्यांवर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंना त्याने दोन माद्या स्पिरिटच्या बाटलीत घालून दाखवल्या, तर त्या म्हणाल्या की जाती नवी असू शकते. अडचण एकच होती. नराच्या तोंडाजवळच्या दोन अवयवांची घडण पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, म्हणून पूर्ण वाढलेला नर हवा. झालं! हा रोज सकाळी स्टूल आणि टॉर्च घेऊन मीटर रूममध्ये. नावही ठरलेलं, नाहुरेन्सिस. मी चिडवलं, "स्वतःचं नाव दे ना, लाजतोस कशाला?" तर गंभीरपणे म्हणाला, "स्वतःचं द्यायची रीत नाही रे. आणि नाहूरला आजवर कोणी काय दिलंय?" मुलुंड आणि भांडुप यांच्यामध्ये चेपलेल्या आमच्या नाहूरबद्दल इतका जिव्हाळा मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. वर्षाची कीटकनाशक फवारणी ठरली आणि मी जिन्यात नोटीस लावली. अर्ध्या तासात हा नोटीस हातात घेऊन वर हजर. "कीटक लिहिलंयस. कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. म्हणजे मीटर रूम यातून वगळली."

मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "आठ दिवस थांब यार. एक नर आहे, शेवटची कात टाकायची राहिलीय. टाकली की झालं."

"मग बाटलीत भर ना त्याला."

"आधीचा जिवंत ठेवायला भरला होता. कात टाकायच्या आधीच मेला."

"एका कोळ्यासाठी सगळ्या बिल्डिंगने झुरळं पोसायची? वेडा झालास काय रे तू?" मी म्हणालो. फवारणीवाल्यांना फोन करून तारीख पुढे ढकलायला मला दोन मिनिटं लागली असती. मी ती घालवली नाहीत.

फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी तो मीटर रूममध्ये गेला आणि रिकामी जाळी पाहून परत आला. भांडला नाही. त्या दोन माद्यांची बाटली त्याने बाईंकडे नेऊन दिली. लेबल मला दाखवलं होतं. त्यावर प्रजातीचं नाव होतं, पुढे जातीच्या जागी कोरी रेघ आणि खाली ठिकाण, नाहूर. त्याचं अक्षर सुरेख आहे. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

त्यानंतर मी अधूनमधून टॉर्च घेऊन मीटर रूममध्ये डोकावू लागलो. कोणी विचारलं तर फ्यूज बघतोय म्हणायचो. परवा रविवारी सकाळी एका मीटरमागे बारीकसं काहीतरी हललं. मी त्याला फोन केला. तो बनियनवरच धावत आला, भिंग लावून कितीतरी वेळ पाहत राहिला.

"नाही रे, हा तो नव्हे," तो म्हणाला. मग माझ्या हातातल्या टॉर्चकडे बघत म्हणाला, "तू बघतोस हे मला माहीत नव्हतं."

त्याने भिंग खिशात टाकलं आणि म्हणाला, "तो वरचा कोपरा मला स्टुलावरूनही नीट दिसत नाही. तू उंच आहेस, तो तू बघत जा."

तेव्हापासून वरचा कोपरा माझ्याकडे आहे.